सार्वजनिक रस्ता आणि खाजगी शर्यत



उन्हाळ्याच्या दिवसांत, संध्याकाळी जरा वारा सुटला असता घरी न बसता माणसे मांडवात येऊन व्याख्यान ऐकतात, ही आपल्या महाराष्ट्रातील एक चांगली चाल आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात तिचा पाया घातला आणि पुढे ती गावोगाव रुजली. आमची शाळा लवकर सुटली. पुढे जे चार शब्द कानांवर पडले ते अशाच मांडवांत, मागच्या सतरंजीवर बसून. त्यामुळे आज माईकच्या या बाजूला उभे राहताना थोडा संकोच वाटतो. पण चालकांनी विषयच असा सुचवला, की त्यावर बोलण्याचा थोडाफार अधिकार आम्हांला आहे असे आम्ही समजतो.

सार्वजनिक रस्त्यांवर रात्री-अपरात्री मोटारींच्या आणि मोटारसायकलींच्या ज्या बेकायदा शर्यती लावल्या जातात, त्यांची नीती-अनीती काय, असा आजचा प्रश्न आहे. कोणी म्हणेल, कामगार संघटनेच्या माणसाला शर्यतीचे काय सोयरसुतक? त्याने पगार, बोनस आणि पाळ्या यांवर बोलावे. त्याला आमचे उत्तर असे, की ट्रकचालक, बसचे चालक-वाहक, सफाई कामगार, हमाल यांच्यातच आमची उमर गेली. या लोकांचा कारखाना म्हणजे रस्ता. तुम्हांआम्हांला रस्ता ही घरापासून कचेरीपर्यंत जाण्याची वाट असते, त्यांना ती कामाची जागा असते. आणि कामाच्या जागी कोणी धोका निर्माण केला तर त्याला जाब विचारणे हे आमचे कामच आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. आम्ही येथे वेगाला शिव्या देण्यासाठी उभे नाही. वेगाची हौस माणसाला फार जुनी आहे. आपल्याकडे बैलगाड्याची शर्यत आहे, विदर्भात शंकरपट आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली या शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून महाराष्ट्रात पुन्हा मुभा दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा मान्य केला. तो सारा वाद बैलांना होणाऱ्या यातनांचा होता आणि तो येथे आपला विषय नाही. आम्हांला दाखवायचे आहे ते निराळेच. पुणे जिल्ह्यात गाडा पळतो तो त्याच्यासाठी राखलेल्या घाटात. प्रेक्षक कडेला उभे राहतात. जो तेथे येतो तो गाडा पाहायलाच येतो, आणि त्या जागी काय होऊ शकते हे त्याला ठाऊक असते. अपघात तेथेही होतात. परंतु आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी, भाजीवाल्या बाया पाटी घेऊन बसल्या असताना, त्यांच्यामधून गाडा पळवू या असे कोणाही गाडामालकाच्या मनात येत नाही. शर्यतीला तिची स्वतःची जागा लागते, हे शहाणपण आपल्या खेड्यांना पुस्तके न वाचता आलेले आहे.

मोटारींच्या जगाला मात्र हे शहाणपण फार मोठी किंमत देऊन शिकावे लागले. मे १९०३ मध्ये पॅरिसहून माद्रिदला जाणारी मोटारींची शर्यत लावण्यात आली. रस्ता साधाच, गावांमधून जाणारा. रस्त्याच्या कडेला बघ्यांची तोबा गर्दी. एकामागून एक गाड्या उलटल्या, गर्दीत शिरल्या, झाडांवर आदळल्या. रेनॉ मोटारींच्या कारखान्याचा एक संस्थापक मार्सेल रेनॉ याच शर्यतीत मरण पावला. अखेर सरकारने बोर्दो येथेच शर्यत थांबवली आणि गाड्या पुढे जाऊ दिल्या नाहीत. इटलीत १९२७ पासून ‘मिल्ले मिल्या’ नावाची हजार मैलांची शर्यत ब्रेशा गावापासून रोमपर्यंत आणि परत अशी चालू होती. ती काही चोरटी नव्हती, सरकारमान्य होती. १२ मे १९५७ रोजी गुइदित्सोलो गावाजवळ एका भरधाव गाडीचे टायर फुटले. चालक आणि त्याचा साथीदार तर गेलेच, पण रस्त्याच्या कडेला उभे असलेले नऊ प्रेक्षकही गेले, आणि त्यांत पाच मुले होती. वेगाची शर्यत म्हणून ‘मिल्ले मिल्या’ तेथेच संपली.

म्हणून पुढे बंदिस्त मार्ग वाढले. आपल्या देशातही मद्रासजवळ शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यती होत. पुढे इरुंगट्टुकोट्टई येथे खास मार्ग बांधला गेला, कोइमतूरला झाला, आणि २०११ साली दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे जागतिक दर्जाचा मार्ग उभा राहिला. अशा मार्गावर समोरून वाहन येत नाही, वळणावर भिंत आणि वाळू असते, रुग्णवाहिका उभी असते, चालकाच्या डोक्यावर शिरस्त्राण असते. ज्याला वेगाशी झुंज घ्यायची आहे त्याने तेथे घ्यावी. आम्ही त्याला टाळ्या वाजवू.

आता ज्या प्रकारावर बोलायचे त्याकडे वळू. यासाठी आम्ही एक परदेशातला खटला निवडला आहे, कारण त्यात हा प्रश्न न्यायालयांनी सात वर्षे तासून पाहिला.

जर्मनीची राजधानी बर्लिन. तेथे कुरफ्युर्स्टेनडाम नावाचा प्रशस्त रस्ता आहे. दोन्ही बाजूंना मोठमोठी दुकाने, मधूनमधून चौक आणि सिग्नल. १ फेब्रुवारी २०१६ च्या मध्यरात्रीनंतर दोन तरुण आपापल्या गाड्या घेऊन तेथे एकमेकांना भेटले. एक चोवीस वर्षांचा, दुसरा सव्वीसचा. सिग्नलला गाड्या शेजारी लागल्या, नजरानजर झाली आणि शर्यत ठरली. पैज पैशांची नव्हती, कोण पुढे एवढीच होती. वेगाची मर्यादा ताशी ५० किलोमीटर. हे दोघे एकामागून एक तांबडे दिवे ओलांडत अडीच किलोमीटर गेले. शेवटच्या चौकात त्यांचा वेग ताशी १६० किलोमीटरच्या वर होता. त्या चौकात आडव्या रस्त्याने एकोणसत्तर वर्षांचे एक गृहस्थ आपली जीप घेऊन आले. त्यांना हिरवा दिवा होता. दोघांपैकी एकाची गाडी त्यांच्या जीपवर आदळली. जीप सुमारे सत्तर मीटर लांब फेकली गेली आणि ते गृहस्थ जागीच गेले. शर्यत लावणारे दोघेही वाचले.

त्या वेळी जर्मनीत रस्त्यावर शर्यत लावणे हा साधा वाहतुकीचा दोष होता. चारशे युरो दंड आणि एक महिना परवाना बंद, एवढीच शिक्षा. कोणी मेले तर निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा आरोप येई. पण बर्लिनच्या न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये दोघांनाही चक्क खुनी ठरवले आणि जन्मठेप दिली. जर्मनीत असा निकाल प्रथमच झाला. मार्च २०१८ मध्ये वरच्या न्यायालयाने तो रद्द केला. का केला, हे समजून घेण्यासारखे आहे. खालच्या न्यायालयाच्या निकालाप्रमाणे आरोपींच्या मनात मरणाची तयारी शेवटच्या चौकात शिरताना झाली होती; पण तोपर्यंत गाडी आवरणे त्यांच्या हातात उरलेच नव्हते. वरचे न्यायालय म्हणाले, गुन्ह्याचा हेतू असा क्षणी असावा लागतो, की ज्या क्षणी माणसाला मागे फिरता येते.

खटला पुन्हा चालला. मार्च २०१९ मध्ये पुन्हा दोघेही खुनी ठरले. जून २०२० मध्ये वरच्या न्यायालयाने, ज्याची गाडी जीपवर आदळली त्याची जन्मठेप कायम केली. दुसऱ्याच्या बाबतीत मात्र, दोघांनी मिळून ठार मारण्याचा बेत केला होता असे सिद्ध होत नाही म्हणून, पुन्हा विचार करण्यास सांगितले. मार्च २०२१ मध्ये त्याला खुनाच्या प्रयत्नासाठी तेरा वर्षांची सजा झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये ती कायम झाली. मधल्या काळात, ऑक्टोबर २०१७ मध्ये, जर्मनीने कायदाही बदलला. आता तेथे अशी शर्यत हाच फौजदारी गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, आणि कोणाचा जीव गेला तर दहा वर्षांपर्यंत.

बंधुभगिनींनो, आम्ही वकील नाही. त्या शिक्षा कमी की जास्त हे आम्ही सांगत बसणार नाही. आम्हांला त्यातला एकच मुद्दा महत्त्वाचा वाटतो. त्या दोघांना कोणाला मारायचे नव्हते, हे उघड आहे. त्यांची त्या गृहस्थांशी ओळखही नव्हती. मग न्यायालयाने त्यांच्या मनात काय पाहिले? त्याने हे पाहिले, की आडव्या रस्त्याने कोणी येऊ शकते हे त्यांना ठाऊक होते, आले तर ते वाचणार नाही हेही ठाऊक होते, आणि तरी पायाखालचे पेडल त्यांनी सोडले नाही. काही होणार नाही अशी आशा करणे निराळे, आणि काही होणार नाही असे मानण्याला कारण असणे निराळे. तांबडा दिवा ताशी १६०च्या वेगाने ओलांडणाऱ्यापाशी असे कोणते कारण होते? काहीही नव्हते. दुसऱ्याचा जीव हा त्याने आपल्या डावात पैशासारखा मांडला होता.

येथे शर्यतवाल्यांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. आम्ही गेली कित्येक वर्षे मालकांच्या समोर बसून वाटाघाटी केल्या आहेत. समोरच्याचे म्हणणे पुरते ऐकल्यावाचून आपले मांडू नये, हा धडा तेथे मिळतो. तर ते तीन गोष्टी सांगतात. पहिली, आम्ही आमच्या जिवावर उदार झालो आहोत, तुमचे काय जाते? दुसरी, आम्ही गाडी चालवण्यात तरबेज आहोत. तिसरी, आम्ही मध्यरात्रीनंतर पळवतो, तेव्हा रस्ता रिकामा असतो.

पहिल्या म्हणण्याचे उत्तर बर्लिनच्या त्या चौकात मिळते. जिवावर उदार झालेले दोघे जिवंत राहिले, आणि ज्याला कोणी विचारलेही नव्हते तो गेला. लहानपणी तळ्यातल्या बेडकांची आणि दगड मारणाऱ्या पोरांची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. तुमचा खेळ होतो, पण आमचा जीव जातो. स्वतःचा जीव पणाला लावण्याचा हक्क माणसाला आहे की नाही यावर पंडितांनी वाद घालावा. दुसऱ्याचा जीव, त्याला न विचारता, पणाला लावण्याचा हक्क मात्र कोणालाच नाही, आणि याला फारशा पांडित्याची गरज नाही.

दुसरे म्हणणे तरबेजपणाचे. याला आम्ही गणिताने उत्तर देतो. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात चौदा मीटर जाते. संकट दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद धरा. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर पुढे ब्रेक लागून थांबायला आणखी बारा मीटर. म्हणजे गाडी सव्वीस मीटरांत उभी राहते. आता वेग १६० करा. पहिल्या सेकंदातच गाडी चव्वेचाळीस मीटर गेली. आणि ब्रेक लागल्यावरचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग तिपटीहून थोडा अधिक झाला, तर अंतर दसपट होते. एकूण जवळजवळ १६७ मीटर. क्रिकेटच्या आठ खेळपट्ट्या एकापुढे एक अंथरा, इतके. यात चालकाच्या कौशल्याचा प्रश्नच येत नाही. हात कितीही सराईत असला तरी रबर आणि डांबर यांच्यातले घर्षण त्याची ओळख ठेवत नाही.

हेच गणित आता पायी चालणाऱ्याच्या बाजूने करून पाहा. वीस मीटर रुंदीचा रस्ता आहे. एखादी वयस्क बाई सेकंदाला एक मीटर या चालीने तो ओलांडते आहे. तिला वीस सेकंद लागतील. ताशी १६० वेगाची गाडी त्या वीस सेकंदांत सुमारे ८९० मीटर जाते. म्हणजे ती बाई पदपथावरून खाली उतरली, तिने डावी-उजवीकडे नीट पाहिले, तेव्हा ती गाडी जवळजवळ एक किलोमीटर दूर, कदाचित वळणाच्याही पलीकडे होती. बाईने काहीही चूक केली नाही. लहान मुलाला आपण जे शिकवतो ते सारे तिने केले. तरीही ती वाचत नाही. शर्यतीचा हा दोष आम्हांला सर्वांत मोठा वाटतो. ती दुसऱ्याची सावधगिरीच निरुपयोगी करून टाकते.

रस्ता म्हणजे एक करार आहे. आम्ही हा शब्द जाणूनबुजून वापरतो. कारखान्यात सही-शिक्क्याचा करार होतो, तसा रस्त्यावर रोज, एकमेकांचे तोंडही न पाहिलेल्या हजारो माणसांत एक अलिखित करार होत असतो. मला हिरवा दिवा आहे, म्हणजे तुम्ही थांबाल. तुम्हांला हिरवा आहे, तर मी थांबेन. या भरवशावर आई मुलाला शाळेत पाठवते आणि आजोबा दूध आणायला जातात. बर्लिनचे ते गृहस्थ याच भरवशावर चौकात आले. शर्यत लावणारा या कराराचा फायदा पुरेपूर घेतो, कारण बाकीचे सगळे नियम पाळतात म्हणूनच त्याला वाट मोकळी मिळते; आणि स्वतः मात्र तो करार मोडतो. असा माणूस कारखान्यात असता तर त्याला आम्ही काय म्हटले असते, ते या मांडवात बसलेल्या आमच्या सभासदांना सांगायला नको.

आता तिसरे म्हणणे. रात्री रस्ता रिकामा असतो. हे म्हणणे ऐकले की आम्हांला राग येतो, आणि तो आम्ही लपवत नाही. रात्री दोन वाजता रस्त्यावर कोण असते? तिसऱ्या पाळीचे कामगार असतात. इस्पितळातून सुटलेल्या परिचारिका असतात. मालाचे ट्रक असतात, कारण दिवसा त्यांना शहरात येऊ देत नाहीत. पहाटे चार वाजता वर्तमानपत्रांचे गठ्ठे उतरवणारे विक्रेते असतात, दुधाच्या गाड्या असतात, बाजार समितीकडे निघालेला भाजीचा टेम्पो असतो. फूटपाथवर झोपलेली माणसे असतात. आणि उजाडायच्या आत तुमचा-आमचा रस्ता झाडून ठेवणाऱ्या बाया असतात. हे लोक ज्याला दिसत नाहीत, त्याला रस्ता रिकामा वाटतो.

आमच्या संघटनेतल्या एका सफाई कामगार बाईंना आम्ही एकदा विचारले, की अंधारात काम करताना भीती नाही वाटत का? त्या म्हणाल्या, “दादा, हातात झाडू असतो, पण कान सगळा मागं असतो. लांबून भुंगा वाजल्यासारखा आवाज आला की आम्ही झाडू टाकून दुभाजकावर चढतो. गाडी गेली की खाली उतरतो.” त्यांनी हे तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. हजेरी कुठे लागते, कचऱ्याची गाडी किती वाजता येते, तसे सांगितले. दुसऱ्याच्या मौजेखातर दुभाजकावर चढणे हा त्यांच्या कामाचाच एक भाग होऊन बसला आहे.

१९४८ सालच्या कारखाने कायद्यात यंत्राच्या फिरत्या भागांना कुंपण घातले पाहिजे असे कलम होते. ते कलम मिळावे यासाठी देशोदेशींच्या कामगारांनी बोटे, हात आणि प्राण घालवले होते. त्यामागचे तत्त्व सोपे आहे. जो यंत्र चालवून लाभ घेतो, त्याने त्याच्या धोक्याला जाळी लावावी. पोटासाठी तेथे उभे राहणाऱ्याने तो धोका सोसू नये. रस्त्यावरची शर्यत म्हणजे जाळी काढलेले यंत्र माणसांतून पळवणे. कारखान्यात निदान नफा होतो, मजुरी मिळते. येथे झाडूवाल्या बाईला काय मिळते?

आता आपल्या देशाकडे पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १८९ वे कलम असे सांगते, की शासनाच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक जागी वाहनांची शर्यत लावणे वा लावू देणे हा गुन्हा आहे. पूर्वी त्याला पाचशे रुपये दंड किंवा एक महिना कैद होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, आणि पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड अशी झाली. आता विचार करा. हप्त्यावर मोटारसायकल घेतलेल्या पोराला पाच हजार म्हणजे घरातला किराणा. कोटीच्या गाडीतल्या मुलाला पाच हजार म्हणजे काहीच नव्हे. दंडाचा आकडा एक, पण त्याचे वजन दोन घरांत निराळे.

२०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. यांपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यूंच्या मागे अतिवेग हे कारण नोंदले गेले, आणि मेलेल्यांत पाचांत एक पायी चालणारा होता. हे सगळे शर्यतीने मेले असे आम्ही म्हणत नाही. शर्यतीने मरणारे त्यांतले थोडे. पण वेग म्हणजे पुरुषार्थ ही जी समजूत शर्यत शिकवते, ती उरलेल्या सगळ्यांच्या पायाला पेडलवर दाबत असते. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात एका महागड्या मोटारीने मोटारसायकलवरच्या दोघा तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. ती शर्यत नव्हती. मोटार चालवल्याचा आरोप अठरा वर्षांखालच्या मुलावर होता, आणि त्याला प्रथम जामीन देताना अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली. त्यावर लोक संतापले, आणि ते योग्यच होते. दोन घरांतली कमावती मुले गेल्यावर तीनशे शब्द हा हिशेब कोणाच्याही मनाला पटणारा नव्हता.

परंतु संताप झाला की कायदा कडक करा अशी ओरड होते, आणि तो कडक कायदा पडतो कोणावर, हे पाहणे आमच्यासारख्याचे काम आहे. डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने नवी न्यायसंहिता संमत केली. तिच्या १०६ व्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात, अपघातात माणूस मेल्यावर खबर न देता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. जानेवारी २०२४ मध्ये देशभर ट्रकचालकांनी चाके थांबवली. लोक पेट्रोल पंपांवर रांगा लावून त्यांना शिव्या देत होते. चालक म्हणत होते, आम्ही थांबलो तर जमाव आम्हांला जिवंत सोडत नाही. आणि आमचा पगार किती, आमचे तास किती, हे कोणी पाहिले आहे का? १ जुलै २०२४ रोजी संहिता अमलात आली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवलेले होते.

येथे आमची भूमिका नीट ऐकावी. अपघातात सापडलेल्याला टाकून पळून जाणे वाईटच, त्याचे समर्थन आम्ही कोणत्याही सभासदासाठी करणार नाही. पण अठरा तास स्टिअरिंगवर बसवलेल्या चालकाचा डोळा लागून झालेला अपघात, आणि पोटभर जेवून मौजेखातर लावलेली शर्यत, या दोन गोष्टी एका तराजूत घालू नका. मोटार वाहतूक कामगारांना दिवसाला आठ तास काम, असे १९६१ सालीच कायद्याने ठरवून दिले होते. ते पाळले गेले असते तर पुष्कळ डोळे उघडे राहिले असते. चालकाला त्या रस्त्यावर भुकेने आणले होते. शर्यतवाल्याला कोणी आणले नव्हते. तो कोणत्याही सिग्नलला पाय वर घेऊ शकत होता. मागे फिरता येत असताना न फिरणे, हाच बर्लिनच्या खटल्यातला कळीचा मुद्दा होता, आणि नीतीच्या दृष्टीनेही फरक तेथेच आहे.

आणि आणखी एका शर्यतीबद्दल बोलल्यावाचून आम्ही पुढे जाणार नाही. पाठीवर चौकोनी पेटी बांधून जी पोरे तुमच्या दारात जेवण आणि वाणसामान आणतात, तीही सिग्नल तोडतात. त्यांना आपण बेदरकार म्हणतो. पण काही मिनिटांत माल पोचवण्याचे वचन कोणी दिले, आणि दोन मिनिटे उशीर झाला म्हणून त्याला कमी तारे देणारे बोट कोणाचे होते? ही शर्यत त्या पोराने लावलेली नाही. ती दुसऱ्या कोणी लावली आहे, आणि कडेला उभे राहून टाळ्या वाजवणारे आपण आहोत. श्रीमंताच्या मुलाला दोष देऊन घरी जाणे सोपे आहे. आपल्या घड्याळाकडे पाहणे जरा कठीण आहे.

प्रेक्षकांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. बेकायदा शर्यत एकट्याची होत नाही. तिला पुढे जाऊन रस्ता मोकळा आहे का पाहणारा लागतो, पैज लावणारा लागतो, मोबाइलवर चित्रण करणारा लागतो, आणि दुसऱ्या दिवशी ते चित्रण पाहून वाहवा करणारे हजारो लागतात. सायलेन्सर काढून देणारा गॅरेजवाला लागतो. परवाना नसलेल्या मुलाच्या हाती किल्ली देणारा बापही लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड ठेवला, तो याच विचाराने. यांपैकी प्रत्येक जण म्हणतो, मी कुठे गाडी चालवली? बर्लिनचा दुसरा तरुणही म्हणू शकला असता, माझी गाडी जीपला लागलीच नाही. तरी तेरा वर्षे त्याला चुकली नाहीत.

मग करावे काय? आमच्या अनुभवाने चार गोष्टी सांगतो. ज्या रस्त्यांवर शर्यती लागतात ते त्या त्या शहरातल्या पोलिसांना आणि रहिवाशांना ठाऊक असतात. तेथे गतिरोधक, कॅमेरे आणि रात्रीची गस्त ठेवावी. रात्री काम करणाऱ्या सफाई कामगारांसाठी रस्त्याचा तेवढा तुकडा अडथळे लावून, दिवे लावून बंद करावा, नुसते चमकणारे जाकीट देऊन मोकळे होऊ नये. दंडापेक्षा गाडी अडकवून ठेवण्यावर भर द्यावा, कारण गाडीविना राहणे गरिबाला आणि श्रीमंताला सारखेच जाणवते. आणि तरुणांना वेगासाठी जागा द्यावी. प्रत्येक जिल्ह्याला कुस्तीचा आखाडा असतो, क्रिकेटचे मैदान असते. मोटारसायकलच्या कसरतीसाठी शहराबाहेर एखादा बंदिस्त, देखरेखीखालचा मार्ग का असू नये? वीस वर्षांच्या पोराच्या रक्तात धमक असायचीच. ती नासवायची की घडवायची, हे आपल्या हातात आहे.

त्या तरुणांपैकी कोणी या मांडवात बसले असतील तर त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. बाबांनो, तुमच्या धाडसाबद्दल आम्हांला शंका नाही. संप करणाऱ्या माणसालाही धाडस लागते. नोकरी, घर, चूल सगळे पणाला लावावे लागते. पण संप करण्यापूर्वी आम्ही सभा घेतो, मतदान घेतो, ज्याच्या चुलीवर परिणाम होणार त्याला आधी विचारतो. तुम्ही शर्यत लावण्यापूर्वी त्या झाडूवाल्या बाईला विचारून या. त्या ट्रकवाल्याला, त्या परिचारिकेला, फूटपाथवर झोपलेल्याला उठवून विचारा, की आम्ही येथून ताशी दीडशेच्या वेगाने जाणार आहोत, तुमची संमती आहे का? सगळ्यांनी हो म्हटले तर खुशाल जा. एकाने जरी नाही म्हटले, तर तो रस्ता तुमच्या शर्यतीचा नव्हे.